‘तू म्हणशील तसं’: एका चुकलेल्या उतरणीचा अभ्यास

शनिवारी सकाळी ११:२० ला आम्ही दोघं नवरा-बायको डोंगराच्या पायथ्यावरून निघालो आणि रविवारी पहाटे १:४० ला पायथ्याला परत आलो. ठरवलं होतं साडेचार-पाच तासांचं, लागले १४ तास २० मिनिटं. यातल्या शेवटच्या साडेतीन तासांत सात अनोळखी माणसं आमच्यासोबत होती. रात्री, धुक्यात, ओल्या कातळावरून ती आमच्यासाठी घळीत उतरली होती. नवऱ्याचा घोटा मुरगळला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो गारठला होता. आज तो ठणठणीत आहे.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही एक गोष्ट केली. दोन वह्या घेतल्या, वेगवेगळ्या खोल्यांत बसलो आणि निघाल्यापासून प्रत्येक पाव तासाला कुठे होतो, काय केलं आणि मनात काय होतं, हे आठवून लिहिलं. फोनमधल्या फोटोंच्या आणि मेसेजच्या वेळा हाताशी असल्यामुळे आकडे बरेचसे पक्के मिळाले. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. त्या वह्यांमध्ये जे दिसलं ते इथे मांडते. आमच्यासारखी, म्हणजे वर्षातून दोन-तीनदा डोंगरात जाणारी, दोघंच जाणारी आणि ‘आपल्याला सवय आहे’ असं वाटणारी जोडपी बरीच आहेत.

काय घेऊन गेलो, काय धरून चाललो

वाट एका बाजूने ७ किलोमीटर, चढ ९०० मीटर. पायथा सोडल्यावर जंगल, मग उघडी सोंड, ५ किलोमीटरवर खिंड आणि खिंडीतून उजवीकडे माथ्याची धार. मळलेली वाट आहे, दोर लागत नाही. आम्ही दोघंही पस्तिशीतले. नवरा आठवड्यातून तीनदा पळतो, मी रोज चालते. डोंगरात मात्र दोघंही नवखेच.

दोघांत मिळून एक सॅक. पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, थोडा सुका खाऊ, प्रत्येकी एक पातळ विंडचीटर. त्याच्या अंगात जीन्स आणि सुती टी-शर्ट. टॉर्च नाही. फोन दोन, माझा ६१ टक्के, त्याचा ७८. कुठे जातोय आणि कधीपर्यंत येऊ हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मुक्कामाच्या जागेचे व्यवस्थापक निघताना अंगणात भेटले होते, पण त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही बोललो नाही.

या यादीवर कुणीही बोट ठेवेल, आणि ठेवावंच. पण सामान कमी होतं म्हणून आम्ही वाट चुकलो नाही. टॉर्च असती तर रात्र सोपी गेली असती, एवढंच. रात्र डोंगरात काढायची वेळ का आली, ते या यादीत सापडत नाही.

वेळेचा हिशेब मात्र सुरुवातीलाच सापडतो. अ‍ॅपवर ‘साडेचार तास’ असा आकडा होता आणि आम्ही तो पूर्ण सहलीचा धरला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम दिला. दर ३ मैलांना एक तास, आणि वर चढलेल्या दर २००० फुटांना आणखी एक तास. मेट्रिकमध्ये तो ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास असा वापरतात. आमच्या वाटेला तो लावला तर जाऊन-येऊन १४ किलोमीटरचे २ तास ४८ मिनिटं, चढाचा दीड तास, एकूण ४ तास १८ मिनिटं. म्हणजे अ‍ॅपचा आकडा जवळजवळ हाच. पण नेस्मिथचा माणूस सरावाचा आहे, हवा स्वच्छ आहे आणि तो कुठेही थांबत नाही. नवख्यांनी दीडपट धरावं आणि विश्रांती वेगळी मिळवावी. तसं धरलं तर साडेसहा अधिक एक, साडेसात तास होतात. ११:२० अधिक साडेसात तास म्हणजे संध्याकाळचे ६:५०. त्या दिवशी सूर्यास्त ६:१० चा होता.

हे गणित करायला दोन मिनिटं लागतात. आम्ही सकाळी उशिरा उठलो, आरामात आवरलं आणि ते केलं नाही. सुट्टीच्या दिवशी घड्याळाकडे बघायचं नाही, हे आम्ही एकमेकांना कौतुकाने सांगितलं होतं.

खिंड, २:१५

पहिले तीन तास छान गेले, त्यांच्यावर फार शब्द खर्च करत नाही. एका फाट्यावर पाटी पडलेली होती. जास्त पाऊलखुणा दिसल्या त्या बाजूने गेलो आणि ते बरोबर निघालं. आता वाटतं, बरोबर निघालं हेच वाईट झालं. आपल्याला वाट कळते असं वाटायला लागलं.

खिंडीत पोचलो तेव्हा २:१५ झाले होते. ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाला नेस्मिथच्या हिशेबाने दोन तास. आम्हाला लागले होते २ तास ५५ मिनिटं. म्हणजे आमचा वेग, खरा वेग, आता आमच्याकडे होता: दीडपट. अंदाज करायची गरजच उरली नव्हती. उरलेला माथा गाठायला सव्वा ते दीड तास, मग ७ किलोमीटर उतरायला कुठेही न थांबता दोन तासांच्या वर. पुढे गेलो तर सगळं सुरळीत होऊन सूर्यास्ताच्या टेकाला पायथा. मागे वळलो तर पावणेचारला खाली.

त्याच वेळी पलीकडच्या दरीतून ढग वर यायला लागला. आधी एक धूसर पट्टा, मग माथ्याची धार दिसेनाशी झाली. गार वारा सुटला. पाण्याची एक बाटली संपली होती.

आमच्यात झालेलं बोलणं दोन्ही वह्यांत शब्दशः सारखं आहे.

तो म्हणाला, “काय म्हणतेस?”

मी म्हणाले, “तू म्हणशील तसं.”

तो म्हणाला, “मग जाऊ या ना. आता काय, एवढंच तर राहिलंय.”

आता वहीतला तिसरा रकाना, ‘मनात काय होतं’ हा. माझ्या वहीत त्या पाव तासासमोर लिहिलं आहे: ‘मला परत जायचं होतं. थंडी वाजत होती. पण तो महिनाभर या माथ्याचं बोलत होता. मी नको म्हटलं असतं तर त्याचा विरस झाला असता.’ त्याच्या वहीत, त्याच ओळीत: ‘डावा गुडघा दुखत होता. वळावं असं वाटलं. पण ही तू म्हणशील तसं म्हणाली म्हणजे हिला जायचंय. ऑफिसच्या कटकटीतून पहिल्यांदाच बाहेर पडली आहे, मी मोडता कशाला घालू.’

वह्या शेजारी ठेवल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. दोघांनाही परतायचं होतं. दोघांनाही ते माहीत होतं, प्रत्येकाला स्वतःपुरतं. आणि दोघं पुढे गेलो.

या प्रकाराला नाव आहे. जेरी हार्वी या अमेरिकी अभ्यासकाने १९७४ साली त्याला ‘अ‍ॅबिलीनचा विरोधाभास’ म्हटलं. टेक्सासमधलं एक कुटुंब रणरणत्या उन्हात सुमारे ८५ किलोमीटरवरच्या अ‍ॅबिलीन गावाला जेवायला जातं, हैराण होऊन परत येतं आणि मग कळतं की जायचं कुणालाच नव्हतं. प्रत्येक जण बाकीच्यांसाठी हो म्हणाला होता. हार्वीचं म्हणणं असं की गटात मतभेद हाताळता येत नाहीत ही खरी अडचण नसते, एकमत झालेलं आहे हेच कळत नाही ही असते. मला हे वाचल्यावर खिंडच दिसली.

जोडप्यांत हे जास्त होतं असं माझं मत झालं आहे. चार मित्र असले की एखादा तरी वैतागून ‘मी नाही येत’ म्हणतो, आणि मोहिमेला पुढारीही असतो. नवरा-बायकोच्या दोघांच्या मोहिमेत पुढारी नसतो आणि समोरच्याला जपायची सवय मात्र पक्की असते. घरी हीच सवय संसार सोपा करते. ‘तू म्हणशील तसं’ हे वाक्य मी आयुष्यात हजारदा म्हटलं असेन, आणि बहुतेक वेळा त्यात प्रेमच होतं. त्या दिवशीही होतं. म्हणून तर ते ओळखू आलं नाही.

आणखी एक बारकावा. तो ‘काय म्हणतेस’ म्हणाला, मी उत्तर त्याच्यावर टाकलं, आणि त्याला माझ्या मनातला अंदाज बांधून निर्णय घ्यावा लागला. म्हणजे पुढे जायचा निर्णय खरं तर कुणीच घेतला नाही. मी त्याच्या नावाने घेतला, त्याने माझ्या.

माथा आणि चुकलेली सोंड

३:५० ला माथ्यावर पोचलो. चहूकडे पांढरं. एक फोटो आहे, त्यात आम्ही दोघं हसतोय आणि मागे काहीच नाही. ४:०५ ला निघालो.

उतरताना वाट चुकते ती बऱ्याचदा माथ्याच्या जवळच, आणि त्याचं कारण डोंगराच्या आकारात आहे. चढताना सगळ्या धारा आणि सोंडा माथ्याकडे एकत्र येतात. थोडं इकडे-तिकडे झालं तरी वर जात राहिलं की माथा मिळतो. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात. वर दहा पावलांची चूक झाली की खाली ती दीड-दोन किलोमीटरची होते. धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आम्ही पायाखालचा उतार धरून चाललो होतो, आणि उतार तर सगळ्याच सोंडांना असतो.

आपण सरळ चाललोय अशी खात्री वाटत होती. त्या खात्रीला काही किंमत नसते. जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं, २००९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सूर्य दिसत असताना लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आल्यावर जंगलात चालणारे गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांना ते कळलंही नाही.

४:५० ला माझ्या लक्षात आलं की खिंडीच्या अलीकडचा तो मोठा, दोन फाळ्या झालेला कातळ अजून आलेला नाही. थांबलो. फोन काढला. पडद्यावर निळा ठिपका होता, अगदी नेमका, हलकेच धडधडणारा. आणि त्याच्याभोवती नुसत्या राखाडी चौकटी. नकाशा उतरवून ठेवलेला नव्हता आणि नेटवर्क नव्हतं. उपग्रहांचा संकेत फोनला नेटवर्कशिवाय मिळतो, म्हणून ठिपका होता. आपण कुठे आहोत ते फोनला माहीत होतं, पण डोंगर कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं.

याच क्षणी मागे फिरून वर चढायला हवं होतं, जिथपर्यंतची वाट नक्की ओळखीची होती तिथपर्यंत. पाऊण तासाचा चढ होता, उजेड होता. दोघांच्याही वहीत ‘परत वर’ हे शब्द आहेत आणि दोघांनीही ते उच्चारले नाहीत. माझं कारण असं की त्याचा गुडघा दुखतोय हे एव्हाना त्याच्या चालण्यातून दिसत होतं. त्याचं कारण असं की मी थकलेली दिसत होते. खिंडीतलीच गोष्ट, फक्त आता किंमत वाढलेली.

घळ

५:१५ ला डावीकडे पाण्याचा आवाज आला. “पाणी खाली जातं, आपणही खाली जाऊ,” असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. वाट चुकलेल्या बहुतेकांना ते पटतं. पाणी खाली जातं हे खरंच, पण त्याला उडी मारता येते. ओढ्याचा पात्रमार्ग डोंगरात बऱ्याचदा फार उभ्या उताराने जातो. कातळ शेवाळलेला, दोन्ही बाजूंना भिंती, आणि एकदा दोन-तीन टप्पे घसरून उतरलं की परत वर चढता येत नाही. शिवाय पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही आणि वरून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही.

चाळीस मिनिटं आम्ही उतरलो. गुडघ्यापर्यंत भिजलो. ५:५५ ला पुढे पात्र एकदम संपलं. खाली किती खोल होतं ते धुक्यात दिसलं नाही, पाण्याचा आवाज मात्र खूप खालून येत होता. मागे वळताना त्याचा पाय दोन दगडांमध्ये गेला.

सूर्यास्ताला पंधरा मिनिटं होती, पण घळीत अंधार उतरलाच होता. तो दगडावर बसला, घोटा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, “तू जा. तू खाली पोच, माणसं घेऊन ये. मी इथे थांबतो.”

दिवसभरात पहिल्यांदा मी स्पष्ट बोलले. म्हणाले, “नाही. मी कुठेही जाणार नाही आणि आपण आता हलायचंही नाही.”

हे वाक्य जर मी २:१५ ला म्हणू शकले असते, तर हा लेख नसता. पण ५:५५ चा नकारही मोलाचा होता. आमच्यापर्यंत आलेल्या पथकातल्या माणसांनी नंतर सांगितलं की वेगळं झालेलं जोडपं म्हणजे दोन शोधमोहिमा, आणि मदत आणायला अंधारात निघालेला धडधाकट माणूसच पडायचा धोका जास्त असतो.

थांबल्यानंतर

इथून पुढचं आम्ही बऱ्यापैकी बरोबर केलं. ते सविस्तर लिहिते, कारण तेच कुणाच्या उपयोगी पडेल.

पाण्यापासून दूर, घळीच्या कडेला एक कोरडी कपार होती. त्याला आधार देत तिथपर्यंत नेलं. सॅक रिकामी करून खाली अंथरली. थंड कातळ अंगातली ऊब वाऱ्याहून मुकाट्याने ओढून घेतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नुसतं बसवत नव्हतं म्हणून केलं.

कपारीपासून दहा-बारा पावलं वर, त्याला आवाज देत-घेत, मी फोन उंच धरून चढले. एक रेघ आली, गेली, आली. ११२ लावला. आणीबाणीचा फोन मिळेल त्या कंपनीच्या नेटवर्कवरून जाऊ शकतो. लागला, पण तीन सेकंदांत तुटला. तेव्हा मेसेज लिहायचं ठरवलं. बोलायला नेटवर्क टिकावं लागतं, मेसेजला एक क्षण पुरतो.

त्या राखाडी पडद्यावर ठिपक्याखाली अक्षांश-रेखांशाचे आकडे होते. दुपारी आम्हाला त्यांचा काही उपयोग वाटला नव्हता. ओल्या बोटाने पडदा अक्षरं घेईना, बोट विंडचीटरच्या आतल्या बाजूला पुसून एकेक आकडा दाबला. मी खाली आल्यावर त्याने ते मोठ्याने वाचले आणि मी पडताळले, मग मी वाचले आणि त्याने पडताळले. मग लिहिलं: दोन माणसं, एकाचा घोटा मुरगळला, घळीत आहोत, पुढे कडा आहे, टॉर्च नाही, फोन ३४ टक्के, इथेच थांबतोय. मुक्कामाच्या जागेच्या व्यवस्थापकांचा नंबर फोनमध्ये होता. तिसऱ्या प्रयत्नाला, ६:५२ ला मेसेज गेला. ७:०४ ला उत्तर आलं: ‘माणसं निघतायत. तिथेच थांबा, हलू नका. शिट्टी असेल तर मिनिटात ६ वेळा वाजवा, मग १ मिनिट थांबा, पुन्हा ६. उत्तर ३ येतील.’

हा संकेत १८९४ पासूनचा आहे, आल्प्समधला. शिट्टी, उजेड, हाक, काहीही चालतं, मोजणी महत्त्वाची. आपोआप होणारा कुठलाच आवाज मिनिटात सहा वेळा, मग शांतता, असा येत नाही.

आमच्याकडे शिट्टी नव्हती. सुरुवातीला हाका मारल्या, घसा बसला. साडेसातच्या सुमारास मी सॅकचे पट्टे सोडवून त्याच्या छातीभोवती बांधायला बघत होते, काहीतरी गुंडाळायला हवं म्हणून. छातीवरच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल अंगठ्याला खडबडीत लागलं. एका बाजूला बारीक खाच, वर एक चपटं टोक. अंधारात चाचपून पाहिलं, मग तोंडाला लावून फुंकलं. बऱ्याच सॅकच्या बक्कलमध्ये शिट्टी असते. ती सॅक आम्ही चार वर्षं वापरत होतो.

त्यानंतर दोन तास मी मोजत राहिले. सहा, मग साठपर्यंत मनात आकडे, पुन्हा सहा.

आठच्या सुमारास माझा फोन बंद पडला, २९ टक्के असताना. थंडीत बॅटरीचा दाब पडतो आणि जुनी बॅटरी असली तर फोन मान टाकतो. काखेत धरून ठेवला, वीस मिनिटांनी परत चालू झाला. त्याचा फोन आम्ही बंदच ठेवला होता, शेवटच्यासाठी.

खरी भीती मला त्याची वाटली. पायथ्याला दुपारी १७ अंश होते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं, वर रात्र, वर वारा. पण त्याहून ओली जीन्स वाईट. पाणी हवेच्या पंचवीसपट वेगाने ऊब वाहून नेतं, आणि भिजलेलं सुती कापड अंगाला चिकटून तेच करत राहतं. आठपर्यंत तो जोरात कुडकुडत होता. साडेआठनंतर शब्द जड झाले. बाटलीचं झाकण त्याला उघडेना. मग तो माझ्यावर चिडला, मी शिट्टी का वाजवते म्हणून. तो चिडणारा माणूस नाही.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि सुरुवात अशीच होते: धडपडणं, पुटपुटणं, हातातून वस्तू निसटणं, चिडचिड. कुडकुडणं थांबलं तर ते बरं वाटण्याचं लक्षण नसतं. साधारण ३२ अंशांच्या आसपास शरीर कुडकुडणंच सोडून देतं. मी त्याची जीन्स काढली, पिळली, माझा विंडचीटर त्याच्या पायांना गुंडाळला, त्याला मांडीवर ओढून घेतलं आणि उरलेला खाऊ चावायला लावला. झोपू दिलं नाही. तो थरथरतोय ना, हे हाताला कळत होतं तोवर मला धीर होता.

९:४० ला खालच्या बाजूने तीन शिट्ट्या आल्या.

१०:१५ ला पहिला दिवा कपारीपाशी आला. त्या माणसांनी त्याला लगेच उठवलं नाही. कोरडे कपडे घातले, खाली-वर आवरण दिलं, गोड गरम पेय थोडं थोडं पाजलं आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नुसतं बसू दिलं. गारठलेल्या माणसाला घाईने चालवलं तर त्याची प्रकृती अचानक ढासळू शकते. मी शिट्टी अजून वाजवतच होते. एक जण म्हणाला, “ताई, आता ठेवा ती. आम्ही आलोय.”

आता आम्ही काय करतो

टॉर्च, सुक्या कपड्यांचा जोड, उतरवलेला नकाशा, निघण्याआधी कुणाला तरी वेळ सांगणं, हे सगळं आता करतोच. वळायची वेळ पायथ्यालाच ठरते, घड्याळाच्या काट्याने, आणि ती वेळ झाली की माथा पन्नास पावलांवर असला तरी वळायचं. ते गणित मी करते, तो तपासतो.

पण मुख्य बदल वेगळा आहे. प्रत्येक थांब्यावर दोघं मुठी मागे घेतो आणि एकदम बोटं दाखवतो. पाच म्हणजे मजेत, एक म्हणजे आत्ता परत. एकदम दाखवायची, म्हणजे समोरच्याची बघून आपली ठरवता येत नाहीत. जो आकडा लहान तो दोघांचा. कारण विचारायचं नाही, समजूत काढायची नाही, ‘नक्की ना?’ असंही म्हणायचं नाही. ‘तू म्हणशील तसं’ हे वाक्य डोंगरात बंद आहे. पहिल्या दोन वेळा फार कृत्रिम वाटलं. तिसऱ्या वेळी त्याने दोन बोटं दाखवली आणि मी चार, आणि आम्ही पाणी पिऊन मागे फिरलो. वाटेत तो दोनदा माफी मागायला लागला, मी दोन्ही वेळा थांबवलं. ही सवय अजून नीट मुरलेली नाही.

वह्यांमधलं एक राहिलं. त्याच्या वहीत ८:३० पासून १०:४५ पर्यंतचे रकाने कोरे आहेत. त्याला काही आठवत नाही, शिट्टी नाही, दिवे नाहीत, माझ्यावर चिडलेलंही नाही. मी ते माझ्या वहीवरून भरून देऊ का विचारलं, तर नको म्हणाला. मधूनमधून मात्र विचारतो की मी तेव्हा काय बोलत होतो. मी सांगते: खोलीचं दार नीट लावलंय का, हे तू विचारत होतास. परत परत. आणि मी दर वेळी हो, लावलंय, म्हणत होते.